महाबोधी महाविहारात वंदना, पूजा आणि दान: घरून निघण्यापासून पुण्यानुमोदनापर्यंत सगळा क्रम

दरवर्षी थंडीत आपल्याकडून बोधगयेला ग्रुपच्या ग्रुप जातात आणि दरवर्षी तेच होतं. लोक एक-दीड दिवस रेल्वेत काढतात, रात्रभर डोळा लागत नाही, आणि महाविहारात जेमतेम पाऊण तास असतात. त्यातला निम्मा वेळ चेकिंगच्या लायनीत जातो, उरलेला गाभाऱ्यासमोरच्या गर्दीत, आणि बाहेर येऊन चप्पल घालताना कुणीतरी म्हणतं, "अहो, वंदना तर घ्यायचीच राहिली की." श्रद्धेत कुणाच्याच काही कमी नसतं, फक्त क्रम चुकतो. मी आमच्या विहारातल्या उपासक-उपासिकांना घेऊन बऱ्याचदा गेलोय आणि यातल्या बहुतेक चुका आमच्या हातून झाल्यात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण एवढं ठेवा: गाभाऱ्यात फक्त अर्पण करायचं, वंदना बाहेर बसून घ्यायची, दिवा दिवाघरातच लावायचा, आणि भोजनदान दुपारी १२ च्या आत संपलं पाहिजे. खालचं सगळं याच्याभोवतीच आहे.

## १. निघायच्या आधीची तयारी

पहिलं काम गाथांचं. महाविहाराच्या आत मोबाईल नेता येत नाही, २०१३ च्या स्फोटांनंतर हा नियम कडक झालाय. आता बघा, आपल्या सगळ्यांच्या गाथा कुठे असतात? मोबाईलमध्ये. एका वर्षी आमचे बत्तीस जण बोधिवृक्षाखाली मस्त गोल करून बसलो, त्रिसरण पंचशील झालं, बुद्धपूजेची पहिली गाथा झाली आणि पुढे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी आमच्यातल्या एका आजींनी पिशवीतून घडी पडून पिवळी झालेली वंदनेची पुस्तिका काढली, चष्मा नव्हता म्हणून ती नातीच्या हातात दिली, आणि त्या नातीच्या मागे मागे आम्ही सगळे म्हणत गेलो. तेव्हापासून मी मोठ्या अक्षरातल्या प्रिंट काढून नेतो, दोघांत एक.

प्रिंटमध्ये क्रमाने हे असू द्या: त्रिसरण, पंचशील, बुद्धपूजा (फूल, धूप, दीप या तिन्हीच्या गाथा), बुद्ध-धम्म-संघ वंदना, बोधिवंदना म्हणजे "यस्स मूले निसिन्नो व" पासूनची, आणि शेवटी पुण्यानुमोदन, म्हणजे केलेलं पुण्य गेलेल्या माणसांच्या नावे अर्पण करणं. बोधिवंदना घरी रोज म्हटली जात नाही म्हणून नेमकी तीच कुणाला येत नाही आणि नेमकी तीच तिथे लागते. निघायच्या आधी विहारात दोन-तीन रविवार सगळ्यांनी मिळून म्हणून बघा.

दुसरं, घरातल्या दिवंगत माणसांची नावं एका कागदावर लिहून घ्या. ऐनवेळी गहिवरून येतं आणि नावं सुटतात.

तिसरं म्हणजे तारखा. ऑक्टोबर ते मार्च हा गर्दीचा काळ आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्रिपिटक पठण असतं, पुढे तिबेटी परंपरेचे मोनलाम (मोठे सामुदायिक प्रार्थना-सोहळे) होतात, त्या दिवसांत हजारो भिक्खू एकत्र बसलेले बघायला मिळतात पण राहायची सोय आधी केलेली नसेल तर हाल होतात. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं असतं, गाड्या लेट होतात, त्यामुळे पोचल्याच्या दिवशी कुठलंही दान ठरवू नका. भोजनदान दुसऱ्या दिवशीच ठेवा.

> इशारा: गया स्टेशनवर उतरलात की पिंडदान करायचं का म्हणून लोक मागे लागतात. गया त्यासाठीच ओळखली जाते, त्यांचा तो व्यवसाय आहे. आपण बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, त्यात श्राद्ध-पिंडदान करणार नाही असं स्पष्ट म्हटलंय. शांतपणे नाही म्हणा आणि पुढे चला, वाद नको. स्टेशनपासून बोधगया साधारण १५ किलोमीटर आहे, रिक्षावाल्याशी भाडं आधीच ठरवा.

## २. पूजेचं सामान: काय घ्यायचं, काय नाही

सामान जेवढं कमी तेवढी पूजा शांत होते, हे मी अगदी मनापासून सांगतो. एका माणसाला एवढं पुरतं: मूठभर सुटी फुलं किंवा एखादं कमळ, पाण्याची छोटी बाटली, वंदनेचा कागद, आणि बसायला आसन नाहीतर जाडसर शाल.

- फुलं बाहेर दारातच मिळतात, गावाहून आणू नका. प्रवासात कोमेजून काळी पडलेली फुलं अर्पण करताना आपल्यालाच वाईट वाटतं.
- फुलं प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका. पिशवी तिथेच कुठेतरी पडते. वाटी किंवा ताट असेल तर उत्तम.
- मेणबत्त्या, अगरबत्त्या, काडेपेटी पिशवीत भरून नेऊ नका. आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक पिशवीत काडेपेटी निघाली होती एकदा, एकेक पिशवी उघडून काढण्यात पाऊण तास गेला आणि पहाटेची शांत वेळ हातची गेली.
- नारळ, हळद-कुंकू, लाल धागे यांचा बुद्धपूजेत काही संबंध नाही. सवयीने येतात, घरीच ठेवा.

कपडे पांढरे, साधे, खांदे आणि गुडघे झाकणारे. थंडीत आतली संगमरवरी फरशी पहाटे बर्फासारखी लागते, मोजे घालाच. म्हाताऱ्या माणसांना तर दोन जोड द्या.

## ३. गेटवर

महाविहार पहाटे ५ ला उघडतं आणि रात्री ९ पर्यंत असतं, आत जायला तिकीट नाही. दोन फेऱ्या ठरवा. पहाटेची वंदनेसाठी, संध्याकाळची दिव्यांसाठी आणि नुसतं बसण्यासाठी. दुपारी मध्येच जाऊन सगळं एकदम उरकायला बघू नका, त्याच वेळी टूरच्या बसा येतात.

क्रम असा ठेवा:

1. मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू शक्यतो खोलीवरच ठेवा. आणल्याच असतील तर आधी काउंटरवर जमा करा, टोकन घ्या. सगळ्या ग्रुपचे मोबाईल एकाच पिशवीत घालून एकाच माणसाच्या नावावर देऊ नका, परत घेताना तो माणूस आत हरवलेला असतो.
2. कॅमेरा न्यायचा तर त्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं.
3. चप्पल स्टँडवर.
4. चेकिंग. बायकांची आणि पुरुषांची लाईन वेगळी असते, त्यामुळे आत गेल्यावर कुठे भेटायचं ते बाहेरच ठरवून घ्या. "आत भेटू" म्हणू नका, जागा सांगा.

> थांबा, तपासा: टोकन कुणाकडे आहे? वंदनेचे कागद हातात आहेत की जमा केलेल्या बॅगेत राहिले? नावांची यादी खिशात आहे ना?

महाविहार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट जागेत आहे, म्हणजे आत गेल्यावर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना हे आधीच सांगून ठेवा आणि त्यांच्यासोबत एक जण द्या.

## ४. गाभारा: आत फक्त अर्पण

मुख्य दार पूर्वेला आहे. समोर भूमिस्पर्श मुद्रेतली सोनेरी बुद्धमूर्ती, उजवा हात गुडघ्यावरून खाली जमिनीकडे टेकलेला. पहिल्यांदा बघताना पाय जागच्या जागी थांबतात, अगदी साहजिक आहे, माझेही थांबले होते. पण गाभारा लहान आहे, मागे लाईन असते, आणि कुणी दारातच पूर्ण वंदना सुरू केली की मागचे सगळे अडकतात, ढकलाढकली होते, आणि मग कुणालाच काही साधत नाही.

म्हणून आत असं करा. हात जोडून "नमो तस्स" तीनदा, फुलं ठेवा किंवा तिथल्या भन्तेजींच्या (भिक्खूंच्या) हाती द्या, जागा असेल तर पंचांग प्रणाम तीनदा, नसेल तर उभ्याने वाकून नमन, आणि बाजूला व्हा. दोन मिनिटं पुरतात. मूर्तीकडे एकदम पाठ करून झटकन वळण्यापेक्षा दोन पावलं मागे सरकून मग वळा.

लोक इथे काय चुकतात: नाणी आणि नोटा मूर्तीच्या दिशेने टाकतात, हे करू नका, दानपेटी आहे. नवस बोलतात, नोकरी लागू दे, मुलगा होऊ दे. भगवंतांनी मागणाऱ्याला देण्याचं आश्वासन कधी दिलं नाही, मार्ग दाखवला. इथे आपण कृतज्ञता व्यक्त करायला येतो. कुणाचं मन दुखवायला हे म्हणत नाही, पण एवढ्या लांब येऊन तेवढंच मागून परत जाणं बघवत नाही म्हणून लिहिलं.

## ५. बोधिवृक्ष: वंदनेची खरी जागा

गाभाऱ्यातून बाहेर आलात की वास्तू आपल्या उजव्या हाताला ठेवून चालायला लागा. दक्षिणेच्या बाजूने वळसा घालून मागे पश्चिमेला आलात की बोधिवृक्ष. झाड आणि भिंत यांच्यामध्ये वज्रासन, म्हणजे भगवंतांना संबोधी (ज्ञान) प्राप्त झाली ती बसण्याची जागा, त्याला कठडा आहे, आत जाता येत नाही. फुलं कठड्याबाहेरूनच ठेवायची.

इथे घाई अजिबात नको. आमचा क्रम सांगतो:

1. जागा शोधून बसा. रस्त्यात बसू नका, प्रदक्षिणा करणारे सतत जात असतात. लहान मुलं मध्ये, मोठी माणसं कडेला.
2. पाच मिनिटं काहीही न बोलता नुसतं बसा. श्वास येतोय-जातोय एवढंच. चेकिंगची धावपळ, चप्पल कुठे ठेवली, टोकन कुठे आहे, हे सगळं डोक्यातून उतरायला तेवढा वेळ लागतोच.
3. त्रिसरण आणि पंचशील. सोबत भन्तेजी असतील तर त्यांना याचना करून, नसतील तर ग्रुपमधल्या ज्येष्ठ उपासकाच्या मागे.
4. पुष्पपूजेची गाथा, "वण्णगन्धगुणोपेतं". पुढच्या ओळींत हे फूल जसं कोमेजतं तसंच माझं शरीरही विनाशाकडे जातंय असं येतं. हातातल्या फुलाकडे बघत म्हणा, अर्थ लगेच लागतो.
5. बुद्ध, धम्म, संघ वंदना.
6. बोधिवंदना, झाडाकडे तोंड करून.
7. मग वीस मिनिटं तरी ध्यान. ज्यांना पाठ दुखते त्यांनी भिंतीला टेकून बसलं तरी चालतं.

आवाज हळू ठेवा. बाजूला थाई, बर्मी, श्रीलंकन, तिबेटी ग्रुप आपापल्या भाषेत पठण करत असतात. त्यांच्याहून मोठ्याने म्हणायची चढाओढ लागते कधीकधी, आपण त्यात पडायचं नाही. जयघोष, घोषणा बाहेर.

> इशारा: पान तोडू नका, फांदी ओढू नका. झाडाच्या जड फांद्यांना लोखंडी टेकू दिलेत, त्यावरून कळेल किती जपावं लागतं. पान आपोआप गळून पडलं तर उचलू शकता, आणि खरं सांगतो, डोळे मिटून बसलेलं असताना समोर टपकन पडलेल्या एका पानाचा आनंद वेगळाच असतो. पण पडल्या पडल्या पाच जण त्यावर झेपावतात, तसं नको. दारात विकायला असतात त्या पानांच्या मागे लागू नका.

## ६. प्रदक्षिणा आणि सात आठवड्यांची ठिकाणं

संबोधीनंतर भगवंतांनी सात आठवडे इथेच आजूबाजूला काढले, त्या सातही ठिकाणी फलक आहेत. गोंधळ असा होतो की लोक पहिला आठवडा, दुसरा आठवडा असं नंबराने शोधायला जातात, मग कधी पुढे कधी उलटं फिरतात, प्रदक्षिणा करणाऱ्यांना आडवे येतात. ठिकाणं वर्तुळात नंबरवार नाहीत. तुम्ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालत राहा आणि जे समोर येईल तिथे थांबा.

- पूर्वेकडून पायऱ्या उतरलात की लगेच अजपाल निग्रोध, पाचवा आठवडा. इथे आता खूण म्हणून खांब आहे, वडाचं झाड शोधत बसू नका.
- आग्नेयेला राजायतन, सातवा आठवडा. तपस्सु आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी भगवंतांना संबोधीनंतरचं पहिलं अन्नदान केलं ते याच ठिकाणी. तेव्हा संघ नव्हता म्हणून त्यांनी बुद्ध आणि धम्म अशी दोनच सरणं घेतली. आपण तिन्ही घेतो, पोरांना इथे थांबवून हे आवर्जून सांगा.
- दक्षिणेला मुचलिंद सरोवर, सहावा आठवडा. पाण्यात खाद्य, नाणी, निर्माल्य काही टाकू नका.
- पश्चिमेला बोधिवृक्ष, पहिला आठवडा.
- उत्तरेच्या बाजूला रत्नघर (चौथा) आणि भिंतीलगत चंक्रमण (तिसरा), म्हणजे भगवंत चालत ध्यान करायचे ती जागा. चंक्रमणावर दगडी कमळं कोरलेली आहेत, लोक त्यांवर एकेक फूल ठेवतात. त्या ओट्यावर बसू नका, पिशवी ठेवू नका.
- अनिमेष लोचन, दुसरा आठवडा, हे उंचावर आहे, येण्याच्या वाटेच्या उत्तरेला. गुडघेदुखीवाल्यांसाठी माझा सल्ला, हे परतताना शेवटी करा, नाहीतर चढ-उतार दोनदा होतो.

प्रदक्षिणा किती? तीन पुरे. आतला वर्तुळमार्ग लहान असतो पण गर्दीचा, वरचा मोठा असतो आणि निवांत. व्हीलचेअर किंवा काठी असेल तर आधी वरूनच करा.

वाटेत तिबेटी उपासक लांब फळ्यांवर साष्टांग प्रणाम घालताना दिसतील, काहीजण एक लाखाचा संकल्प घेऊन आलेले असतात. त्यांच्या फळीवरून ओलांडू नका, समोर उभं राहून बघत बसू नका, पाण्याच्या वाट्या ओळीत मांडलेल्या असतात त्यांना पाय लागू देऊ नका. लहान पोरांचा हात धरा, ती वाट्यांकडे धावतातच.

## ७. दिवे

गाभाऱ्यात, झाडाखाली, कठड्यावर, भिंतीच्या कोनाड्यात, कुठेही मेणबत्ती किंवा अगरबत्ती लावायची नाही. धुराने दगड काळा पडतो, झाडाला धग लागते. दिव्यांसाठी काचेची वेगळी दिवाघरं आहेत, तिथे ओळीने दिवे मांडलेले असतात, तिथलं दान देऊन लावायचे. संध्याकाळी जा. "घनसारप्पदित्तेन" ही दीपपूजेची गाथा तिथे उभ्याने म्हणा. साडीचा पदर, ओढणी, शाल खोचून घ्या. एक दिवा सगळ्या कुटुंबाच्या वतीने लावला तरी भरपूर झालं.

## ८. दान: चीवर, भोजन, वस्तू

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून थोडं लांबण लावतो.

मूर्तीला चीवर (भिक्खूंचं वस्त्र). मुख्य मूर्तीला उपासकांनी दिलेलं चीवर चढवलं जातं. आपण स्वतः चढवायचं नसतं, तिथले भन्तेजी चढवतात. आदल्या दिवशी व्यवस्थापन समितीच्या ऑफिसात जाऊन माप आणि वेळ विचारा आणि मगच कापड घ्या. अंदाजाने घेतलेलं चीवर अपुरं पडतं. ताटात घडी करून, दोन्ही हातांनी डोक्याजवळ धरून न्यायची पद्धत आहे, ग्रुपमधल्या प्रत्येकाने एकदा हात लावला की दान सगळ्यांचं होतं. हे कठिन चीवरदान नव्हे. कठिन चीवर भिक्खूसंघाला देतात, वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागी मुक्काम) संपल्यावर आश्विन पौर्णिमा ते कार्तिक पौर्णिमा याच महिन्यात. जानेवारीत जाऊन "आम्ही कठिन चीवरदान केलं" म्हणू नका.

भोजनदान. थेरवादी भिक्खू दुपारी १२ नंतर जेवत नाहीत. त्यामुळे पानं ११ ला मांडलेली पाहिजेत, १२ ला स्वयंपाक संपवून चालत नाही. आदल्या दिवशी विहारात जाऊन निमंत्रण द्या, किती भन्ते येणार ते विचारा, खीर करणार असाल तर चांगलंच, संबोधीआधी भगवंतांना खीर देणाऱ्या सुजातेची आठवण होते. वाढताना चपला काढा. अन्न नुसतं टेबलावर मांडून "घ्या भन्ते" म्हणू नका, ते हाताने अर्पण करावं लागतं, दोन्ही हातांनी पात्रात वाढा किंवा ताट त्यांच्या हाती द्या. सुरुवात ज्येष्ठ भन्तेंपासून, आणि ज्येष्ठता वयाने मोजत नाहीत, वर्षावासांवर मोजतात, म्हणून विचारून घ्या. सगळ्यांचं झालं की मग उपासकांनी बसायचं.

हातात देण्याबद्दल. थाई भन्ते स्त्रियांच्या हातून वस्तू सरळ घेत नाहीत, समोर कापड पसरतात, त्यावर ठेवायची. आपल्या मावश्यांना हे माहीत नसतं, त्यांना अपमान वाटतो. ती विनय (भिक्खूंचे नियम) जपण्यासाठी थाई परंपरेत पाळली जाणारी पद्धत आहे हे आधीच समजावून सांगा, म्हणजे तिथे कुणाचं मन दुखत नाही.

वस्तूदान. परंपरेने अष्टपरिष्कार म्हणजे तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई-दोरा आणि पाणी गाळायचं कापड. पूर्ण संच जमला नाही तर औषधं, साबण, ब्लँकेट, वह्या-पेनं द्या. पण आधी विचारा काय हवंय, एकाच विहारात चाळीस टॉवेल नेऊन देण्यात अर्थ नाही.

पैसे. सोनं-चांदी आणि पैसे हातात घ्यायला भिक्खूंना विनयात मनाई आहे. रोख दान ऑफिसात किंवा विहाराच्या कार्यालयात द्या आणि पावती घ्या.

> इशारा: गेटबाहेर चीवरासारखं कापड गुंडाळून, पात्र पुढे करून पैसे मागणारा प्रत्येकजण भिक्खू असतोच असं नाही. विनय पाळणारा भिक्खू नोटेसाठी मागे मागे येत नाही. उपाशी माणसाला खायला जरूर द्या, पण ते माणुसकी म्हणून, संघदान म्हणून नव्हे. आणि एखादं पोरगं हात धरून वह्यांच्या दुकानात नेत असेल तर सरळ नाही म्हणा, द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन द्या.

## ९. पुण्यानुमोदन, आणि मगच उठायचं

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, कारण तोपर्यंत भूक लागलेली असते, बसवाल्याचा निरोप आलेला असतो. पिंडदान आपण करत नाही, पण गेलेल्या माणसांची आठवण ठेवायची आपली स्वतःची रीत आहे.

भन्तेजींसमोर बसा, एक रिकामं भांडं आणि पाण्याचा तांब्या घ्या. घरातला एक जण तांब्या धरतो, बाकीच्यांनी त्याच्या हाताला किंवा खांद्याला हात लावायचा. यादीतली नावं वाचा, सगळी, सावकाश. मग "इदं वो ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो" तीनदा म्हणत पाणी बारीक धारेने भांड्यात सोडायचं, भांडं भरून वाहीपर्यंत. धार तोडू नका. ते पाणी नंतर बाहेर एखाद्या झाडाच्या मुळाशी घाला, बोधिवृक्षाच्या कठड्यात ओतू नका.

भन्तेजी नसतील तर ज्येष्ठ उपासिकेने केलं तरी चालतं. आमच्यातल्या त्याच आजी हे करतात आता. मागच्या खेपेला त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, आणि मग कागदावर नसलेलं एक नाव घेतलं, सहा दिवसांची असताना गेलेल्या पहिल्या मुलीचं. घरात कुणाला ते नाव माहीतच नव्हतं. म्हणून म्हणतो, या टप्प्याला अर्धा तास मोकळा ठेवा आणि बसवाल्याला तो अर्धा तास धरूनच वेळ सांगा.

उठताना फुलांचे देठ, कागद, रिकाम्या बाटल्या, सगळं आपल्या पिशवीत. माणसं मोजा. नंतर चप्पल, आणि चप्पल घातल्यावर मोबाईलचं टोकन.